खाली बसू नका

डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला,
म्हणाला, गादी झिजली, मावशी.
चादरीच्या या सोलापुरात
नवरा चाळीस वर्षं मागावर उभा,
आणि गादी झिजली ती माझी.
मला हसू आलं. त्याला कळलं नाही.

म्हणाला, आता खाली बसू नका.
मांडी नाही तर सूप ठेवू कुठं?
हजार विड्यांची मजुरी
उभ्यानं कोण देतंय?
हे बोलले नाही. मान हलवली.

गुडघा माझा,
पण तो सगळ्यांच्या तोंडात.
सून म्हणते, वजन.
शेजारीण एरंडाचं पान घेऊन दारात.
जावई म्हणाला, बदलूनच टाका,
जसं काही रिक्षाचं चाक.
धाकटा काहीच म्हणत नाही,
मी उठायला लागले
की टीव्हीचा आवाज वाढवतो.

आणि ते रोज सारखं दुखत नाही,
हे सांगू कुणाला?
ज्या दिवशी कारखान्यात
दीडशे विड्या छाट निघतात
त्या दिवशी जिन्याला पायऱ्या जास्त असतात.
भिवंडीहून थोरल्याचा फोन आला
तर बोलत बोलत
गॅसपासून दारापर्यंत जाते मी,
फोन ठेवल्यावर आठवतं,
आपल्याला चालवत नव्हतं.
सुनेनं बघितलं की काय!
म्हणेल, नाटक.
म्हणून परत येताना
जरा जास्तच लंगडते.

यंदा गड्ड्याला गेले नाही.
गर्दी सोसत नाही, असं सांगितलं.
मध्येच लघवीला लागली
तर बसून उठायचं कसं,
हे काय सांगायचं कारण आहे?

मग सुनेनंच खुर्ची आणली.
निळी. युनिफॉर्म शिवून मिळालेल्या पैशातली.
तिच्यावर बसून
मला बायांचे भांग दिसायला लागले,
बालमणीचा रुंद झालाय, हे तेव्हा कळलं.
पण बोलणं जमिनीलगत चालतं,
अर्धं तेलुगूत, अर्धं दातात दोरा धरून.
वर येईपर्यंत त्यातलं मीठ जातं.
त्या मला मालकीण म्हणायला लागल्या.
तिसऱ्या दिवशी खुर्चीवर ओला परकर वाळत घातला
आणि खाली बसले.

काल सगळ्या उठून गेल्या,
नरसम्मा उठेना.
तू हो पुढं, म्हणाली, माझी चार पानं राहिलीत.
तिचं सूप रिकामं होतं.
माझं पण.
माझी पण राहिलीत, मी म्हणाले.

बऱ्याच वेळानं
मी हात लांबवून खुर्ची ओढली,
परकर काढला,
दोघींच्या मध्ये ठेवली.
तू ऊठ आधी, ती म्हणाली.
तू ऊठ, मी म्हणाले.
घरकुलातले दिवे लागले,
आम्ही अजून
आधी तू, आधी तू.