अर्थाचा रकाना

तक्ता साधाच आहे :
नाव, स्पेलिंग, उच्चार, अर्थ, कोणी सांगितलं.
शेवटच्या रकान्यात मी जन्मसालही लिहिते.
सगळ्यात तरुण माहितगार एक्काहत्तर वर्षांचा.

ओइरिक निकलसन, त्र्याण्णव,
स्टॉर्नोवेच्या वृद्धाश्रमात,
खिडकीबाहेर नुसत्या उभ्या मोटारी.
तिच्या मांडीवर नकाशा पसरला तर म्हणाली,
कागद काढ गं, मला आधी चालू दे.
आणि डोळे मिटून निघाली.

पाणी डाव्या हाताला ठेव.
इथं पाय बुडतो, जपून. ल्येना ना कुन्येक.
दुधाच्या बादलीचं कुरण.
कुणाची बादली? मी विचारलं.
सांडली, एवढं पुरे नाही का?

मग टेकडी. क्रोख्क अन् ईइख.
डोमकावळ्याची.
डोमकावळा आमच्या भाषेत एफने सुरू होतो,
पण टेकडी त्याची झाली
की एफच्या मागे एच येऊन बसतो
आणि दोघंही गप्प होतात.
कागदावर पक्षी पुरता, पिसासकट.
तोंडाशी येईतो उडालेला.

दीडशे वर्षांमागे साखळ्या घेऊन आलेल्या
सरकारी मोजणीदाराला
ईइखचं एइख ऐकू आलं.
एइख म्हणजे घोड्याचा.
वारा असेल, किंवा सांगणाऱ्याचे दात पडलेले.
तेव्हापासून नकाशावर घोडा आहे.

टपालवाला रुआरी म्हणतो, घोडाच.
आजोबांचा घोडा पीटच्या दलदलीत रुतला तिथं,
लगाम अजून आहे.
मला शेडमध्ये नेऊन दाखवला त्यानं,
रंगाच्या डब्यांमागे, गंजून तांबडा झालेला.
मी लिहून घेतलं. पुरावा म्हणून फोटोही.

पुढच्या मंगळवारी ओइरिकला सांगितलं
तर ती कधी नव्हे ती सरळ बसली.
रुआरीच्या आजोबाचा? तो पलीकडच्या खळग्यात मेला.
मी सहा वर्षांची. दोराचं टोक धरायला
मलाही उभं केलं होतं.
संध्याकाळपर्यंत नुसती मान वर होती.
त्या खळग्याला तोवर नाव नव्हतं.
मग आम्ही म्हणायला लागलो —

आणि ती म्हणाली.
मी ऐकलं, मान डोलावली,
रेकॉर्डर चालू आहे म्हणून निर्धास्त राहिले.

घरी येऊन लावलं :
नेमक्या त्या जागी चहाची गाडी,
बशा, चमचे,
साखर किती, मिसेस निकलसन?
पुन्हा लावलं. कानाला लावून ऐकलं.
बशा.

मंगळवारी परत गेले.
कुठला घोडा? ती म्हणाली,
आणि माझ्याकडे नकाशा मागितला.

ओळ क्रमांक दोनशे चौदा :
नाव कोरं, स्पेलिंग कोरं, उच्चार कोरा.
अर्थ : दोर धरला होता.
कोणी सांगितलं : ओ. नि.
पेन्सिलनंच लिहिलंय अजून.