एफ-बारा

रामबागेत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
आमच्या टायपिंग क्लासची सात मशीनं.
तीन नंबरचं शनिवारपासून एकच वाक्य म्हणतंय:
बूट होण्याजोगं काही सापडलं नाही.
काळ्यावर पांढरं. टायपिंगची एकही चूक नाही.

पुण्याहून भाचा फोनवर:
मावशी, पेनड्राइव्ह लाव, चालू कर,
कंपनीचं नाव दिसलं रे दिसलं की एफ-बारा.
लावला. केलं. दाबलं.
बूट होण्याजोगं काही सापडलं नाही.
मागच्या पोर्टात लाव बघू.
टेबलाखाली वाकले, गिरणीचं पीठ नाकात,
लावला. तेच.
पेनड्राइव्ह पुन्हा लिही. नुसती फाइल टाकू नकोस, लिही.
पाच नंबरवर बसून पाऊण तास लिहिला. तेच.
सेटिंगमध्ये शिर. तिथे पासवर्ड.
ही मशीनं बँकेच्या लिलावातली,
पासवर्ड ज्यांना ठाऊक ते रिटायर होऊन
कुठल्या मुलाकडे गेले कोण जाणे.
उशिरा दाबतेस तू, भाचा म्हणाला.
उशिरा! मी!
मिनिटाला पंचावन्न शब्द, तेही खिडकीबाहेर बघत.

सिल्व्हर मॉलमधल्या पोरानं न बघताच सांगितलं,
मदरबोर्ड गया, आंटी. अठराशे.

नफीसा खजराण्याहून दोन बस बदलून येते.
परीक्षा सोमवारी, आणि तीन नंबर तिचं.
दुसऱ्यावर बस म्हटलं तर बसते,
पण बोटं पाहुण्यांकडे आल्यासारखी अवघडतात.
माझ्या खांद्याशी उभी राहून बघत होती.
मग हात पुढे करून तिनं ते बटण दाबलं,
कान खाली नेऊन पुन्हा दाबलं,
म्हणाली, मेडम, ये तो बोल ही नी रिया.

खरंच. बाकीची टिक् म्हणतात,
हे सादळलेल्या पापडासारखं.

एकवीस वर्षं शिकवतेय.
क ह र स य पासून सुरुवात, दहा बोटांना दहा घरं,
करंगळीचा आळस सुद्धा मोडून दिलाय कितीजणींचा.
त्या वरच्या ओळीत मात्र
मी कुणाचं बोट कधी पाठवलंच नाही.
कुणी हात न लावलेलं बटण
कधी गेलं, कसं कळणार.

चार नंबरचा कीबोर्ड उपटून इथे जोडला.
एफ-बारा.
टिक्.
निळी यादी उघडली, अगदी तळाला पेनड्राइव्हचं नाव,
पंगतीत शेवटी बसलेल्या माणसासारखं.
टक्के चढायला लागले. खाली गिरणी सुरू झाली,
माडी थरथरली, आम्ही दोघींनी टेबल धरलं.
मध्येच मशीननं विचारलं, कीबोर्ड कोणता?
नफीसा म्हणाली, रेमिंग्टन.
थांब, म्हटलं, आधी इंग्रजी.
इम्तहान मेरा है कि इसका?
खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

पलीकडे चार नंबर कुणीतरी चालू केलं होतं.
कीबोर्ड सापडला नाही, ते म्हणालं,
पुढे जायचं तर एफ-एक दाबा.