पळायचं नाही असा आठवडा

सतरा किलोमीटर. रविवारी, सकाळी सातला.
माझ्याकडे प्रशिक्षक नाही, एव्हारिस्तो आहे.
शेजारच्या बाकावर तो दात भाजतो, भट्टीत,
आणि ही शर्यत त्याने तीनदा पळून झालीय.
सोमवारी म्हणाला, झुल्मिरा,
आता पळशील ते सगळं उशिराचं.
आहेत ते पाय रविवारपर्यंत नीट पोचव.

चार महिने अंधारात उठवलेत हे पाय.
आता त्यांना झोपा म्हणायचं
तर रात्रभर पांघरुणात चुळबुळतात.

मंगळवारी तरी गेलेच, चाळीस मिनिटं,
पाटाच्या काठाकाठाने.
आमच्या बेटावर पाऊस उत्तरेला पडतो
आणि केळी दक्षिणेला पिकतात,
म्हणून डोंगराच्या पोटातून पाट नेलेत
दोरीवर लोंबकळत, छिन्नीने.
एका हाताला पाणी,
दुसऱ्या हाताला धुकं, आणि धुक्याखाली काय
ते विचारायचं नाही.
मध्ये काठ, दीड पावलाचा.
बोगद्यात मान वाकवावी लागते.
शेवटच्या दहा पावलांत विसरले.

बुधवारी टेंगूळ घेऊन कामावर.
कुणा मासेवाल्याची वरची कवळी घासत होते,
पाय बाकाखाली आपले आपण चालू.
"कवळी पळवून नेशील," एव्हारिस्तो म्हणाला.
संध्याकाळी दोना देओलिंदा कुंपणावरून:
"कोण लागलंय गं पाठीस?
नवरा तर केव्हाच लिस्बनला गेला."
मी हसले. मग जिना चढताना
उजवा गुडघा दुखला.
मग डावा.
मग दुखतोय कोणता हेच कळेना.

गुरुवारी काही नाही. नखं कापली.

शुक्रवारी शाळेच्या व्यायामशाळेत नंबर घेतला,
चारशे बारा.
रांगेत सगळ्यांच्या पोटऱ्या दोरखंडासारख्या,
सगळ्यांची घड्याळं माझ्या घड्याळाहून जाड.
एका पोराने विचारलं, तुम्ही कुणाला सोडायला आलात?
मी म्हटलं, हो. मलाच.

शनिवारी वडिलांकडे जेवले,
लसणीचं लोणी लावलेली रताळ्याची भाकरी, दोन.
ते सदतीस वर्षं पाटकरी होते.
कंदील घेऊन रात्री निघायचे,
याचं दार उघड, त्याचं लाव,
याला दोन तास, त्याला पाऊण,
आणि पाऊण तासाच्या पाण्यावरून
दोन भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले
तर तेही यांच्याच डोक्यावर.
"किती लांब?"
"सतरा."
"एवढं तर मी रोज चालायचो," टीव्हीकडे बघतच म्हणाले,
"मला कुणी नंबर दिला नाही."

मला वाटलं, विषय संपला.
पण जेवण झाल्यावर त्यांनी बूट मागितले.
मांडीवर उलटे धरून एकेक खूर
अंगठ्याने दाबून पाहिला,
जनावर विकत घेताना बघतात तसं.
"शेवाळ हिरवं असेल तर पाय टाक.
काळं दिसलं की चाल.
लोक बघत असले तरी चाल."
आणि बोगद्याचं काही बोलले नाहीत,
फक्त माझ्या टेंगळाकडे एकदा पाहिलं
आणि स्वतःच्या कपाळावरची जुनी खूण खाजवली.

घरी आले. शर्ट खुर्चीवर पसरला.
नंबरासोबत चार पिना दिल्या होत्या, मिळाल्या तीन.
पलंगाखाली पाहिलं, पिशवी उलटी केली,
झोपले, उठले, पुन्हा पलंगाखाली पाहिलं.
दोन वाजता कामाची डबी उघडली,
कवळीचे आकडे वळवायची तार काढली,
चिमट्याने वळवली,
टोक आतल्या बाजूला दाबलं, बोचू नये म्हणून.
चारशे बारा आता सरळ बसला.

मागच्या पाटाला पाणी सुटलं होतं.
कुणाच्या तरी केळींची पाळी होती.