तीनशे बारापैकी

सोहारच्या बाजारात, लाँड्री आणि मोबाइलवाला यांच्या मधे
खलफानशेठचं टायपिंग सेंटर.
व्हिसा, भाडेकरार, रहिवासी कार्ड,
पांढऱ्या पडद्यासमोर बसवून पासपोर्टचा फोटो.
तोंड मिटा म्हणायचं काम माझं.

माझ्या कॉम्प्युटरवर एक एवढंसं सॉफ्टवेअर आहे.
कोणी टाकलं कुणास ठाऊक, माझ्याआधीपासूनच आहे.
एक खिडकी, दोन रकाने, एक बटण.
डावीकडे टाकलेलं उजवीकडे निघतं, वेगळ्या शेपटीचं.
गिरणीसारखं.
दळण कुणाचं ते विचारत नाही.

गुरुवारी संध्याकाळी हनीफ सारंग आले,
बंदरातल्या टगबोटीवर सत्तावीस वर्षं.
रुमालात बांधलेली हार्ड डिस्क.
"शनिवारचं विमान आहे गो,
सूनबाईच्या फोनात हे उघडत नाहीत.
उघडतील असे करून दे."

तीनशे बारा फोटो, सगळे टिफ,
एकेक धान्याच्या पोत्याएवढा.
मी जेपेग निवडलं, क्वालिटी पंच्याऐंशी.
ते खुर्ची ओढून जवळ आले.
"शंभर कर ना."
"शंभरने फोन भरून जाईल, चाचा.
पंच्याऐंशीत डोळ्याला फरक कळत नाही."
"मग पंधरा जातात कुठं?"

याचं उत्तर त्या खिडकीत कुठेच नव्हतं.
म्हटलं, पाळूला चिकटून राहतं ना पीठ, तसं काहीतरी.
ते हसले. पटलं असावं,
किंवा माझी कीव आली असावी.

बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकू लागली,
आणि प्रत्येक फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा
क्षणभर दिसून जाऊ लागला.
दोरखंडाचं वेटोळं.
चार बंक, चार चादरी, एका खिळ्यावर तीन कॅलेंडरं.
जहाजाचं नाक, खालून काढलेलं, आभाळ खाऊन टाकणारं.
नेपाळी पोरगा, हातात केवढा तरी मासा.
इफ्तारचं ताट.
पुन्हा दोरखंड.
"हे दोनदा का?"
"हा नवा होता."

शंभराच्या पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.
"चाचा, तुम्ही कशातच नाही?"
"काढणारा कोण मग?"
जरा वेळाने त्यांनीच बोट ठेवलं पडद्यावर,
वाळूत पडलेली एक लांब सावली, कोपर वर.
तेवढ्यात ती सरकून गेली.

एकशे सत्त्याऐंशीवर पट्टी थांबली.
लाल अक्षरं: फाइल वाचता आली नाही.
वगळायची की सगळंच थांबवायचं,
दोनच पर्याय देतं ते.
"काय होतं त्यात?" त्यांनी मलाच विचारलं.
नाव नव्हतं, नुसती तारीख होती, चौदा मार्च,
वर्ष माझ्या लग्नाच्या आधीचं.
ते पुटपुटत बोटांवर महिने मोजू लागले.
करक चहावर साय धरली.
"मार्चात मी इथंच होतो...
म्हणजे पाणीच असेल," ते म्हणाले. "वगळ."

तीनशे अकरा झाले.
पाचशे बैसे मागितले, ते एक रियाल ठेवून गेले.
रुमाल विसरले. परत आले. रुमाल घेतला,
सुटे मागितले नाहीत.

मी सांगलीची. मला समुद्र इथे येऊन कळला,
तोही कळला असं म्हणवत नाही.
शटर ओढायच्या आधी ती फाइल पुन्हा उघडून बघितली.
शेपटी हाताने बदलली, बीएमपी केलं, पीएनजी केलं,
शंभर ठेवले.
तीच लाल अक्षरं.

सोमवारी खलफानशेठ म्हणाले, डेस्कटॉप साफ कर,
फार पसारा झालाय.
केला.
ती तेवढी राहिली आहे, भाडेकरारांच्या खाली,
पांढरा चौकोन,
एक कोपरा दुमडलेला.