शून्य चाचण्या

विर्त्सूच्या धक्क्यावर बर्फ खरवडणारा माणूस
आणि वर खोलीत विर्वे, एवढेच जागे.
तिच्यासमोर फेरीच्या रॅम्पचा कोड,
निवृत्त होण्याआधी ऊर्मासनं लिहिलेला.
शेरा एकच: हात लावू नका.

ती हात लावते.
आधी मूळ फाइली कंपाइल, चाचण्यांच्या वेगळ्या,
मग दोन्हींची गाठ मारायची, चालवायचं,
आणि शून्याखेरीज काही परत आलं
तर तिथंच थांब, पुढे एक पाऊल नाही.
पाच ओळींची स्क्रिप्ट. दोन तास गेले
एका टॅबपायी, ज्याच्या जागी आठ स्पेस बसल्या होत्या,
दिसायला हुबेहूब.

पावणेपाचला पडदा हिरवा.
विर्वे कॉफी ओतते, घोट घेते, मग नीट वाचते:
चाचण्या शून्य. चुका शून्य.
कुणी विचारलंच नाही, मग नाही कोण म्हणणार?

फोल्डरच्या नावात एक अक्षर गळलं होतं.
ते घातलं. सत्तावीस चाचण्या. हिरवा.
आता तिचा त्यावरही भरवसा नाही.
ऊर्मासच्या कोडात चोरपावलांनी शिरून
कोनाच्या हिशेबात अधिकच्या जागी
ती वजा ठेवते, मुद्दाम,
आणि पुन्हा चालवते.

लाल.
तेरावी चाचणी: रॅम्प चार अंश पाण्याखाली.

"हं," विर्वे म्हणते, "बोलता येतं तर तुला."
वजाची अधिक करून ठेवते.
खाली पहिला ट्रक येऊन थांबलाय, दुधाचा.
ड्रायव्हर पेंगतोय. बर्फवाला फावडं टेकवून
खिशात काडेपेटी शोधतोय.