परत आलेली नळी

शिरोलीच्या गेटात दुपारी ट्रेलर लागला.
बारा वर्षांनी नळ्या परत आल्या.
गेल्या तेव्हा टोकांना पिवळ्या टोप्या होत्या,
आता टोकं गॅसनं कापलेली,
घाईत तोडलेल्या भाकरीसारखी.

तिकडे किनाऱ्यावरच्या कारखान्यात
भट्टी निववून, छत उघडून
क्रेननं एकेक वर ओढून काढली म्हणे.
अठ्ठावीस दिवसांचं शटडाऊन.
त्यांचा इंजिनिअर फोनवर म्हणाला,
"मॅडम, वाकल्यात सगळ्या, पण फुटली एकच."
ही तक्रार की शाबासकी, कळेना.
मी तसंच वहीत उतरवलं.

आमचं काम एवढंच:
का वाकल्या ते सांगायचं
आणि त्यांच्या जागी जाणाऱ्या नव्या ओतायच्या.

फिरत्या साच्यात रस सोडला
की तो कडेला पळतो,
मधे पोकळी उरते.
"गिऱ्हाईक त्या पोकळीचे पैसे देतंय,
आपण नुसतं तिला कुंपण घालतोय,"
असं इलाही मुजावर सांगायचे
मी लॅबमध्ये नवी होते तेव्हा.
कान मशीननं आधीच नेले होते त्यांचे.
साच्याचा वेग ते तळहातानं ऐकायचे.

वायरब्रशनं घासल्यावर नंबर दिसला, चारशे सतरा,
आणि खाली पंचनं उठवलेली बारकी चांदणी.
फोन त्यांच्या सुनेनं उचलला.

दुसऱ्या दिवशी चाचा आले
नातवाच्या मोपेडवर मागं बसून,
खिशात जुन्या स्पीकरमधला चुंबक.
भोवती जमलेल्या ट्रेनी पोरांना म्हणाले, "बघा."
नव्या नळीला लावला. घसरून खाली पडला.
चारशे सतराला लावला.
टक्.
सोडवायला दोन्ही हात लागले.

कारण मला पाठ आहे.
आतून वाहत्या नाफ्थ्यातला कार्बन
आधी काजळी होऊन भिंतीवर बसतो,
मग भिंतीत शिरतो, क्रोमियमला पळवतो,
आणि उरलेल्या धातूला चुंबक ओळख देतो.
रिपोर्टात याला चार ओळी.
मायक्रोस्कोपखाली काळी छिद्रं, रांगेनं,
काकवीच्या डब्याकडे निघालेल्या मुंग्यांसारखी.

चाचा आत बोट फिरवून काजळी बघत होते.
"बारा वर्सं जे पोटातनं गेलं
ते अंगाला लागलंच की गं."

मग विचारलं, पाठवली तेव्हा केवढी होती?
साडेनऊ मीटर.
आणि आता?
मी बोटांनी दाखवलं, कारण ओरडायचा कंटाळा आला होता:
एक वीतभर नाही, पण त्याच्या अर्ध्याहून जास्त.
"टांगून तापवलं की लोखंडबी वाढतंय," ते हसले,
"आमी तेवढंच आखडलो."

करवतीनं नमुना कापताना
त्यांनी शेजारची चकती मागितली.
साहेब म्हणाले, भंगारच आहे, द्या.
पण भंगारालाही गेटपास लागतो.
मी लिहिलं: कडं, एक नग,
वजन एक किलो चारशे, परत येणार नाही.

वॉचमन नेजदारनं ते दोनदा वाचलं.
"काय करणार हो चाचा याचं?"
तिसऱ्यांदा विचारल्यावर ऐकू गेलं.
"पातेल्याखाली ठेवणार.
गरम चहानं ओट्यावर डाग पडत्यात,
सून बोंबलती."

नेजदारनं वजन करून पाहिलं.
वजन पासाहून जास्त भरलं.
तो काट्यावर चिडला, काट्याला चापट मारली,
मग शिक्का मारून सोडून दिलं.

पलीकडे नव्या नळ्या चढत होत्या,
पिवळ्या टोप्या घालून,
हायवेच्या दिशेनं तोंड करून.

मोपेड धुरळ्यात वळली तेव्हा मला दिसलं:
मांडीवर चाचांनी कडं धरलेलं,
आणि पासात ज्याची नोंदच नव्हती तो चुंबक
त्याला तसाच चिकटून बाहेर चाललेला.