बरगे काढायचा दिवस

पाऊस लागायच्या आत बंधाऱ्याचे बरगे काढायचे असतात.
एकेक गंजका, दोन माणसांच्या वजनाचा,
आठ महिन्यांचा गाळ खाचेत घट्ट धरून बसलेला.

बाळगोंडाअण्णा आधी पंचगंगेकडं नुसते बघत बसतात.
मुकादम घड्याळ दाखवतो.
अण्णा एक वाळकी काटकी प्रवाहात सोडतात
आणि काठानं तिच्याबरोबर पावलं मोजत चालतात.
"आज लय पळालीया. पल्याडच्या गाळ्यापास्नं धरू."

माझा पहिला दिवस. नवे गमबूट.
त्यांनी ते काढायला लावले.
"बुटात पाणी शिरलं की बूट तुझा ऱ्हात न्हाई,
नदीचा हुतोय."

नारिंगी जाकिटं सहा, रजिस्टरात.
कपाटाची किल्ली कारकुनाकडं,
कारकून निपाणीला, भाचीच्या साखरपुड्याला.
अण्णांनी दगड उचलला.
मग रजिस्टर उघडून स्वतःच लिहिलं:
कुलूप एक, फोडले. खाली सही.

मग दोर.
मी म्हटलं, सुभानला बांधा मला, हेल्यागत हाय त्यो.
अण्णा हसले नाहीत.
"माणसाला माणूस बांधायचा न्हाई, पोरा.
झाडाला बांधायचा."
करंजाच्या बुंध्याला दोन वेढे, एक गाठ.
"आणि बरगा निसटला तर सोड.
सरकारकडं लोखंड लय हाय."

अकराव्या बरग्याला खाच ढिली झाली
आणि मागचं सगळं पाणी एका फटीतून माझ्यावर आलं.
सांगितलेलं सगळं आठवत होतं.
बोटांनाच तेवढं ऐकू गेलं नव्हतं.
लोखंड मला खाली नेत होतं
आणि मी ते सांभाळत होतो,
जसं काही पगारातून कापणार होते.

"सोड की लेका!"
सुभान ओरडला असणार.
सोडलं.

कमरेत दोर आवळला. करंज हललं.
त्याची फिकी जांभळी फुलं पाण्यावर पडली
आणि माझ्याजवळून भराभर पुढं गेली,
शिरोळकडं.

संध्याकाळी अण्णांनी नोंद केली.
बरगे काढले त्रेचाळीस, वाहून गेला एक.
माणसं आली चार.
पेन थांबलं जरा,
मग त्याच ओळीत: घरी गेली चार.
असला रकाना रजिस्टरात नव्हता.

रात्री तांब्या उचलताना कमरेत कळ आली.
आईनं विचारलं, काय झालं रे?
म्हटलं, काय न्हाई.
बरगा जड हुता.